खोक्यावर लिहिलेलं नसतं ते

१९९६च्या दिवाळीच्या आठवडाभर आधी मी नाशिकच्या मेन रोडवरच्या एका कॅमेऱ्याच्या दुकानात कामाला लागले. सणाच्या गर्दीपुरती दीड महिन्याची नोकरी होती. तिथून बाहेर पडले ती २०१९मध्ये. पहिली बारा-तेरा वर्षं काउंटरवर गेली. पुढची सगळी मागच्या खोलीत, लोकांच्या जुन्या कॅसेट डिस्कवर आणि नंतर पेनड्राइव्हवर उतरवून देण्याच्या टेबलाशी. काउंटरवर मी ज्यांना कॅमेरे विकले, त्यांच्यातलेच पुष्कळजण दहा-पंधरा वर्षांनी मागच्या खोलीत पिशव्या भरून कॅसेट घेऊन आले. त्या कॅमेऱ्यांनी घराला नेमकं काय दिलं, ते मला तिथे दिसलं. विकताना मी जे बोलले होते, त्यातलं बरंच चुकीचं होतं, हेही तिथेच कळलं.

आमच्याकडे सगळ्याच छोट्या व्हिडिओ कॅमेऱ्यांना हँडीकॅम म्हणत. खरं तर ते सोनीचं नाव, पण गिऱ्हाईक दुसऱ्या कंपनीचा घ्यायला आलं तरी ‘हँडीकॅम दाखवा’ असंच म्हणे. त्या आधी व्हिडिओ म्हणजे खांद्यावर घ्यायचा व्हीएचएसचा धटिंगण कॅमेरा, बरोबर हॅलोजनचा दिवा धरणारा पोऱ्या, आणि मांडवभर फिरणारी त्याची वायर. घरच्या माणसाने हातात धरावा असा कॅमेरा आला तो १९८५च्या व्हिडिओ-८ कॅसेटमुळे. मग हाय-८ आली, १९९५मध्ये मिनी-डीव्ही. आमच्या दुकानात मिनी-डीव्हीचे कॅमेरे नियमित दिसायला लागले ते २०००च्या सुमाराला. तेव्हा असा कॅमेरा म्हणजे नोकरदार माणसाचे दोन-तीन पगार. त्यामुळे घ्यायला एकटं कोणी येत नसे. नवरा-बायको, एखादा मेहुणा आणि ‘यातलं कळणारा’ एक मित्र, असे चौघं यायचे आणि तासभर बसायचे.

पहिला प्रश्न ठरलेला. “झूम किती?”

खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात तोच आकडा असायचा. ७००, ८००, पुढे पुढे २०००. तो डिजिटल झूम. भिंगाने खरोखर जवळ आणलेलं दृश्य दहा, वीस, चाळीस अशा पटीचं असतं. त्याच्या पुढे कॅमेरा चित्राचा मधला तुकडा नुसता ताणतो. वर्तमानपत्रातला फोटो डोळ्याला लावून बघितल्यावर ठिपके दिसावेत, तसं होतं. मला हे पहिल्या महिन्यातच समजलं होतं. तरी मी आकडा सांगत राहिले, कारण गिऱ्हाईक त्यावर खूश होई आणि शेठना संध्याकाळी गल्ला भरलेला दिसे.

झूमबद्दलचं माझं मत बदललं ते माझ्याच घरी. १९९८मध्ये माझ्या मुलीचं बारसं होतं. शेठनी दुकानातला एक हाय-८ कॅमेरा दोन दिवसांसाठी आपणहून दिला. माझा दीर चित्रण करत होता. खोली लहान, बायकांची दाटी, म्हणून तो दारात उभा राहिला आणि तिथूनच झूम करून त्याने पाळणा टिपला. आत्याने बाळाच्या कानाशी वाकून नाव सांगितलं, कुर्रर्र केलं, बायकांनी तिच्या पाठीवर धपके घातले. चित्र सुंदर आलं. बाळाच्या पापण्यासुद्धा दिसतात. आवाज मात्र दाराजवळ बसलेल्या दोघींचा आला. लासलगावच्या बाजारात कांद्याला काय भाव मिळाला, हे त्या एकमेकींना सांगत होत्या. आत्या काय म्हणाली ते ऐकूच येत नाही. झूमने चित्र जवळ येतं. आवाज जिथे आहे तिथेच राहतो. माइक कॅमेऱ्यात असतो आणि कॅमेरा दारात असतो.

त्यानंतर मी गिऱ्हाइकाला कॅमेरा दाखवताना आधी तो उलटापालटा करून माइकची खाच दाखवायला लागले. बाहेरचा माइक लावायची ती एवढीशी खाच स्वस्तातल्या मॉडेलमधून कंपन्या पहिल्यांदा काढून टाकतात, कारण खोक्यावर छापायला ती कुणाला दिसत नाही. दोन मॉडेल समोर असली, एकाचा झूम जास्त आणि दुसऱ्याला माइकची खाच असली, तर मी आजही दुसरंच घ्यायला सांगेन. मुलाच्या मुंजीत भटजी काय म्हणतात, आजी उखाण्यात काय म्हणते, हे ऐकायचं असेल तर दुसरा मार्ग एकच: चार पावलं पुढे जाऊन उभं राहा.

आवाजाचंच आणखी एक. निफाडकडच्या एका घरात लग्नानंतर गोंधळ होता. त्यांनी आमच्याकडून कॅमेरा घेतला तो ‘शून्य लक्स’ वाचून. म्हणजे अजिबात उजेड नसला तरी चित्र येतं. खोटं नव्हतं ते. कॅमेऱ्यातून डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड किरण बाहेर पडतो आणि त्यात आठ-दहा फुटांपर्यंतचं दिसतं. पण दिसतं ते सगळं हिरवट. तिसऱ्या दिवशी ते कॅसेट घेऊन आले. नवरीचा शालू, हळदीचं कपाळ, चौकावरची फुलं, सगळं एकाच फिकट हिरव्या रंगाचं. माणसांचे डोळे अंधारात मांजराचे चमकावेत तसे. आणि संबळाचा घाव पडला की कॅमेरा आपोआप आवाजाची पातळी खाली ओढायचा. ती पुन्हा वर येईपर्यंत गोंधळ्याचे शब्द बुडालेले असायचे. संबळ, शब्द नाही. संबळ, शब्द नाही. दीड तास. घरातल्या वडीलधाऱ्या बाईंनी मला एवढंच विचारलं, “ताई, तुम्ही सांगितलं का नाही?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. मला स्वतःलाच माहीत नव्हतं. मी तोपर्यंत दुकानातल्या ट्यूबलाइटखाली, शांत हवेत, काउंटरवरच्या प्लास्टिकच्या फुलांचं चित्रण करून दाखवत आले होते.

मग मी शेठना विचारून रविवारी एकेक कॅमेरा घरी न्यायला लागले. संध्याकाळी देवघरातल्या निरांजनाच्या उजेडात चालवून बघायचे, गोदावरीवर रामकुंडाशी गर्दीत चालवून बघायचे. अंधाराला कोणता टिकतो हे खोक्यावरच्या लक्सच्या आकड्यावरून कधी कळलं नाही. प्रत्येक कंपनी तो आपापल्या पद्धतीने मोजते. चित्र पकडणारी आतली चकती जेवढी मोठी तेवढं अंधारात बरं, हे मात्र जवळजवळ नेहमी खरं ठरलं. स्वस्त हँडीकॅममध्ये ती एक षष्ठांश इंचाची, म्हणजे नखाच्या अर्ध्याहूनही लहान असायची. सभागृहात, रात्रीच्या मांडवात तिचा जीव गुदमरतो आणि चित्रावर मुंग्या चालल्यासारख्या दिसतात.

हात हलण्याचाही धडा मला रामकुंडावरच मिळाला. २००३च्या सिंहस्थात बाहेरगावची माणसं कॅसेट आणि बॅटऱ्या घ्यायला सकाळी सातपासून दुकानाच्या शटरशी उभी असत. पर्वणीच्या आदल्या दिवशी मी दोन कॅमेरे घेऊन घाटावर गेले. एकात थरथर थांबवायला भिंग हलायचं, दुसऱ्यात कॅमेरा चित्राची कडा कापून तोल सावरायचा. पहिला सरस होता. पण पायऱ्या उतरताना चित्रण केलं तेव्हा दोघांचंही बघवेना. चालत चित्रण करायचं नाही, उभं राहायचं, कोपर बरगडीला टेकवायचं आणि दहा सेकंद मोजायचे. हे फुकटचं तंत्र मी गिऱ्हाइकाला बिलाबरोबर सांगायला लागले. किमतीचा आणि त्याचा काही संबंध नाही.

काउंटरवरची माझी सगळ्यात मोठी चूक अशी होती की कॅमेरा कोण धरणार, हे मी विचारत नव्हते. घ्यायला यायचे तरुण, तंत्र कळणारे. वापरायची वेळ यायची ती आईवर, सासऱ्यांवर. नाशिक रोडच्या नोट प्रेसमधून निवृत्त झालेल्या एका काकांना त्यांच्या मुलाने आमच्याकडून कॅमेरा घेऊन दिला आणि काका-काकू चारधामला गेले. परत आल्यावर कॅसेट घेऊन काका एकटेच आले. बद्रीनाथच्या उन्हात मागचा पडदा काळा दिसायचा. त्या मॉडेलला डोळ्याला लावून बघायची काच नव्हती. चाळिशीचा चष्मा कधी डोळ्यावर, कधी खिशात. लाल ठिपका दिसला नाही म्हणून चालू समजून बंद केलं, बंद समजून चालू. कॅसेटवर तासभर होत्या त्या काकांच्या चपला, घोड्यांच्या वाटेवरचे दगड आणि पिशवीच्या आतला अंधार. मंदिरासमोर काकू उभ्या राहिल्या, पदर सारखा केला, हात जोडले, तो क्षण कॅसेटवर नाही. काका तक्रार करत नव्हते. “मलाच जमलं नाही,” असं म्हणत होते. त्याचं मला जास्त वाईट वाटलं.

त्या दिवसापासून मी कॅमेरा गिऱ्हाइकाच्या हातात देऊन गप्प बसायला लागले. ज्याला वापरायचा आहे त्यालाच बोलावून घ्या म्हणायचे. बॅटरी स्वतः बसवता येते का, चालू-बंदचं बटण अंगठ्याला न बघता सापडतं का, बाहेर रस्त्यावर उन्हात उभं राहून पडदा दिसतो का. पाच मिनिटांत कळायचं. काही माणसं संकोचून म्हणत, “तुम्हीच दाखवा ना.” मी दाखवत नसे. अडला तर अडू द्या, दुकानात अडलेलं बरं. काकांना नंतर शेठनी थोडे पैसे भरून बदलून दुसरा दिला, काच असलेला, चष्म्याच्या नंबराप्रमाणे ती काच फिरवून जुळवता येणारा. त्यावर त्यांनी पुढे अष्टविनायक आणि नातवाची मुंज नीट टिपली. घरगुती कॅमेऱ्यांतून कंपन्यांनी ही काच हळूहळू काढून टाकली. मला ते आजही पटलेलं नाही.

परदेशातून आणलेल्या कॅमेऱ्यांनी तर किती घरांत हिरमोड केला. न्यू जर्सीत असलेल्या मुलीने वडिलांना कॅमेरा आणला. स्वस्त मिळाला, पेटी सुरेख. सत्यनारायणाच्या पूजेचं चित्रण बघितलं तर भिंती श्वास घेतल्यासारख्या उजळ-अंधूक होत होत्या. अमेरिकेतला कॅमेरा सेकंदाला साठ वेळा चित्र उचलतो, कारण तिथली वीज साठ फेऱ्यांची. आपली पन्नासची. चोकवाली ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. डोळ्याला ते कळत नाही, पण कॅमेऱ्याचं आणि तिचं जुळत नाही. शटरचा वेग हाताने शंभरावर ठेवता आला तर सुटका, पण त्या मॉडेलमध्ये ती सोय नव्हती. शिवाय त्यांची चित्रपद्धत एनटीएससी, आपली पाल. ती कॅसेट शेजाऱ्याच्या कॅमेऱ्यात चालेना, लग्नाच्या शूटिंगवाल्याने केलेल्या कॅसेटला जोडता येईना. एकाने जपानहून आणलेला कॅमेरा तर असा की आतली सगळी भाषा फक्त जपानी. आज सगळं संगणकावर चालत असल्यामुळे पाल-एनटीएससीचं भांडण बरंच मिटलं आहे, पण दिव्यांच्या लुकलुकण्याचं मिटलेलं नाही. बाहेरून कॅमेरा मागवणार असाल तर पन्नासची सोय आहे का, तेवढं विचारून घ्या.

२००४-०५नंतर दर दिवाळीला काहीतरी नवं यायचं. कॅसेटऐवजी आठ सेंटिमीटरची छोटी डीव्हीडी. मग आतच हार्डडिस्क. मग कार्ड. प्रत्येक वेळी कंपनीचा माणूस येऊन सांगायचा, आता कॅसेट गेली म्हणून समजा. आम्ही ते पुढे सांगायचो. हार्डडिस्कवाला कॅमेरा घेऊन एक कुटुंब लेहला निघालं होतं. निघण्याच्या आदल्या दिवशी मी सहज पुस्तिका चाळली आणि त्यात उंचीची मर्यादा सापडली. काही कॅमेऱ्यांना ती ३,००० मीटर होती, काहींना ५,०००. हार्डडिस्कमध्ये वाचणारी सुई हवेच्या पातळ थरावर तरंगते. हवा विरळ झाली की ती टेकण्याची भीती. लेहच मुळी साडेतीन हजार मीटरवर आहे, खारदुंग ला पाच हजारांच्या वर. मी त्यांच्या घरी फोन करून सांगितलं. ते कॅसेटचा जुना कॅमेरा घेऊन गेले. तसाच एक हार्डडिस्कवाला गणपतीच्या मिरवणुकीत ढोलपथकाच्या अगदी पुढ्यात धरला तर सारखा थांबायचा. ढोलाचे हादरे त्याला पडल्यासारखे वाटत आणि तो स्वतःला वाचवायला डिस्क थांबवे. हेही पुस्तिकेत होतं. पुस्तिका विकणाऱ्याने वाचलेली असायला हवी, ही माझी अपेक्षा स्वतःकडूनच होती आणि ती मी सगळ्या वेळी पुरी केली नाही.

ती न केल्याची किंमत सिन्नरच्या एका शिक्षक दांपत्याने मोजली. हे सांगायचं म्हणूनच मी लिहायला बसले.

२००६ची दिवाळी. दुकानात पाय ठेवायला जागा नाही. त्यांना मुलाच्या मुंजीसाठी कॅमेरा हवा होता. बाई म्हणाल्या, “कॅसेट मागे-पुढे करायचा कंटाळा येतो, सोपं काहीतरी द्या.” मी छोट्या डीव्हीडीचा दिला. टिपा, काढा, टीव्हीखालच्या प्लेअरमध्ये घाला, असं सांगून. एका डिस्कवर नेहमीच्या दर्जाला अर्धा तास. त्यांनी दहा डिस्क घेतल्या. एक गोष्ट सांगायची राहिली. डिस्क भरली की ती कॅमेऱ्यातच ‘फायनलाइज’ करावी लागते, म्हणजे डिस्कवर काय कुठे आहे याची यादी शेवटी लिहून ती बंद करावी लागते. त्याशिवाय दुसरं कुठलंही यंत्र ती वाचत नाही, कोरीच समजतं. मला हे माहीत होतं. मागे गिऱ्हाइकं उभी होती. पुस्तिकेत आहे, वाचतील, असं मनात म्हणून मी बिल फाडलं.

मुंज झाली. ते चित्रण कॅमेऱ्यातून वायर लावून टीव्हीवर बघत, त्यामुळे अडचण कधी लक्षातच आली नाही. दीड-दोन वर्षांनी कॅमेऱ्याचं डिस्क फिरवणारं यंत्र बिघडलं. दुरुस्ती केंद्राने सुटा भाग येत नाही म्हणून परत पाठवला. मग ते आठ डिस्क घेऊन माझ्याकडे आले. मी तेव्हा नुकतीच मागच्या खोलीत बसायला लागले होते. संगणकात घातली, रिकामी. दुसरी, रिकामी. तिसऱ्या डिस्कला मला घाम फुटला, कारण काय झालं आहे ते माझ्या ध्यानात आलं होतं. सर विचारत होते, “ताई, पुसलं गेलं का?” पुसलेलं नव्हतं. जांभळट पृष्ठभागावर जळल्याच्या गोल रेषा डोळ्यांना दिसत होत्या. मजकूर होता, दार बंद होतं.

अशा डिस्कमधून कच्चं चित्रण खरवडून काढणारे प्रोग्राम असतात. मी तीन आठवडे रोज दुकान बंद झाल्यावर बसले. आठांपैकी पाच निघाल्या. घाणा भरणं निघालं, मुलाचं वपन निघालं, भिक्षावळीची मिरवणूक निघाली. मातृभोजन निघालं नाही. मुंजीआधी आई आणि मुलगा एका ताटात शेवटचं जेवतात, ते. बाईंनी ऐकून घेतलं, पाच डिस्कचं चित्रण घेतलं, मी पैसे घेत नव्हते तरी ठेवून गेल्या. मी त्यांना त्या दिवशी खरं सांगितलं, की विकताना मी सांगायला हवं होतं. त्या म्हणाल्या, “त्या गर्दीत राहिलं असेल.” माझ्या मनातून मात्र ते अजून गेलेलं नाही.

तोपर्यंत मी आणि माझं गिऱ्हाईक, दोघंही एकच बघत होतो: कॅमेऱ्यात आत किती चांगलं जातं. ते बाहेर कसं येणार, कशावर येणार, दहा वर्षांनी ते चालवणारं यंत्र घरात असेल का, हे कुणी विचारत नव्हतं. मी विचारायला लागले. शेठ सुरुवातीला नाराज झाले, कारण या प्रश्नाने माणूस विचारात पडतो आणि ‘उद्या येतो’ म्हणतो. पण बरेचसे खरंच उद्या यायचे.

या कसोटीला मिनी-डीव्हीची कॅसेट, जिला सगळे जुनी म्हणत होते, ती पुष्कळ चांगली उतरली. साठ मिनिटांची कॅसेट फायरवायर नावाच्या वायरने संगणकात घेतली की साधारण १३ जीबी होते आणि जे टिपलं ते जसंच्या तसं येतं, दर्जा उतरत नाही. तासाच्या कॅसेटला तासच लागतो, तेवढा धीर हवा. शिवाय कॅसेट भरली की लोक ती ठेवून देत. कार्ड आल्यावर लोक कार्ड पुसून पुन्हा वापरायला लागले, आणि उतरवून घेण्याआधी पुसल्याची रडारड मी सगळ्यात जास्त कार्डवाल्यांची ऐकली. कार्डावरून घेताना दिसतील त्या फाइली उचलू नका, अख्खा फोल्डर घ्या, असं मी सांगत असे. लांब चित्रणाचे कॅमेरा दोन किंवा चार जीबीचे तुकडे पाडतो आणि एखादा तुकडा मागे राहतो.

मागच्या खोलीत आणखी एक कळलं. उतरवून झालं की लोक तिथेच खुर्ची ओढून थोडं बघत. उटीच्या बागेची वीस-वीस मिनिटं, म्हैसूरच्या राजवाड्याचे दिवे, कोवळम्‌चा समुद्र. “हे पळवा,” म्हणत. “आई कुठे दिसते बघा.” आई दिसायची ती बसच्या खिडकीतून हात बाहेर काढून भुईमुगाच्या शेंगा घेताना, तीन सेकंद. तिथे थांबायचे. पुन्हा मागे घ्या म्हणायचे. अजिंठ्याच्या लेण्यांचं चित्रण तुमच्या हँडीकॅमपेक्षा चांगलं दुसरीकडे मिळेल; लेण्यांच्या पायऱ्यांवर बसून घामाघूम झालेले तुमचे वडील दुसरीकडे मिळणार नाहीत. प्रवासासाठी कॅमेरा घेणाऱ्याला मी म्हणूनच झूमआधी रुंदी विचारायला सांगत असे. रेल्वेच्या डब्यात, जीपमध्ये, हॉटेलच्या खोलीत समोरासमोर बसलेली दोन माणसं एका चौकटीत मावतात का? जुन्या हँडीकॅममध्ये मावत नसत. एकाचं अर्धं तोंड यायचं. २०१५मध्ये आलेल्या सोनीच्या सीएक्स४०५सारख्या कॅमेऱ्यात भिंग जवळजवळ २७ मिलिमीटरपर्यंत रुंद होतं, खरा झूम तीसपट आहे, वजन सव्वादोनशे ग्रॅमच्या आत आणि संगणकाला जोडायची वायर हातपट्ट्यातच आहे, विसरायची भीती नाही. माइकची खाच मात्र त्यातही नाही.

आता कुणी विचारलं, फोन असताना हे घ्यावं का, तर माझं उत्तर सरळ आहे. दहा फुटांच्या आतलं सगळं फोनने टिपा. अंधारात आजचा चांगला फोन छोट्या हँडीकॅमला मागे टाकतो. बारसं, वाढदिवस, सहलीचा डबा, यासाठी वेगळा कॅमेरा घेऊ नका. पण कालिदास कलामंदिरात अकराव्या रांगेत बसून नातीचं अरंगेत्रम, म्हणजे तिचा पहिला नृत्यप्रयोग, टिपायचं असेल तर फोन अपुरा पडतो. खरा झूम हवा, स्टँडवर बसणारं यंत्र हवं आणि मधे न थांबणारं हवं. फोटोच्या कॅमेऱ्यावर भिस्त ठेवून एक आजोबा फसले होते. त्या कॅमेऱ्यांना बराच काळ एका वेळी २९ मिनिटं ५९ सेकंदांची मर्यादा असायची, कारण युरोपात त्याहून जास्त सलग चालणाऱ्यावर व्हिडिओ कॅमेऱ्याचा वेगळा कर लागे. अरंगेत्रममधला सगळ्यात लांब भाग वर्णमचा. नात वर्णमच्या शेवटाकडे होती आणि कॅमेरा शांतपणे बंद झाला होता. आजोबांचं लक्ष नातीकडे होतं, ते योग्यच होतं. कीर्तन, प्रवचन, नाटक, शाळेचं स्नेहसंमेलन ज्यांच्या घरात वारंवार आहे त्यांनीच आज हँडीकॅम घ्यावा, आणि त्याबरोबर एक जादा बॅटरी घ्यावी. थंडीच्या ठिकाणी ती स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवावी. गार पडलेली बॅटरी भरलेली असूनही संपल्यासारखी वागते. कोकणात गाडीच्या एसीतून एकदम बाहेर काढू नये, भिंगावर दव धरतं. पिशवीतच पंधरा-वीस मिनिटं राहू द्यावा.

नवा कॅमेरा घ्यायच्या आधी जुन्या कॅमेऱ्याचं काय झालं ते बघा. माळ्यावर, कपाटाच्या वरच्या खणात, लग्नाच्या अल्बमखाली कॅसेट असतील. जगात व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या कंपनीने जुलै २०१६मध्ये उत्पादन थांबवलं. हाय-८ आणि मिनी-डीव्ही चालवणारे जे कॅमेरे शिल्लक आहेत त्यांचे पट्टे सैल होत चालले आहेत आणि नव्या संगणकांना फायरवायरची खाच राहिलेली नाही. आपल्याकडच्या दमट हवेत टेपवर पांढरी बुरशी धरते. अशी टेप यंत्रात घातली तर तिच्यामागून जाणारी दुसरी टेपही खराब होते. तुमच्या गावात अजून कुणीतरी हे काम करत असेल. त्याच्याकडे कॅसेट घेऊन जा, उतरवलेल्याच्या दोन प्रती घ्या आणि एक प्रत दुसऱ्या घरी ठेवा. यंदाच्या पावसाळ्याआधी करा.